वालूरकर मॅडम आणि येलदरीची चिलटं

वालूरकर मॅडमनी माझ्यावर पहिला संशय घेतला, तो मी त्यांच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकल्यावर चौथ्या-पाचव्या मिनिटाला. आमच्या तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला मी तासिका तत्त्वावर नुकतीच रुजू झाले होते. विभागप्रमुखांना नमस्कार करावा म्हणून गेले, तर नमस्काराकडे न बघता त्या माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडेच बघत राहिल्या.

"पिशवीत काय आहे?"

"डबा आहे, मॅडम."

"डब्यात?"

"पोळी-भाजी. आणि एक केळं."

"केळं!" मॅडम खुर्चीतून उठल्याच. "शेषराव, हिचं केळं आधी बाहेर न्या. आणि हिला केळं आणायला कुणी सांगितलं होतं का, ते विचारून घ्या."

कोण सांगणार? माझ्या आईनं डब्यात टाकलेलं साधं केळं ते. पण लॅबच्या शेषराव मामांनी मुकाट्यानं ते उचललं, पार कंपाउंडच्या भिंतीपाशी नेऊन ठेवलं आणि परत येऊन मला हळूच म्हणाले, "बाई, राग मानू नका. पयल्या दिशी मला बी खिसे उलटे करून दाखवावे लागले होते."

कारण नंतर कळलं. मॅडम चिलटं पाळायच्या. आपल्या स्वयंपाकघरात पिकलेल्या केळावर, आंब्यावर घोंघावतात ना, तीच चिलटं. पुस्तकात त्यांना फळमाश्या म्हणतात. लॅबच्या मांडण्यांवर काचेच्या बाटल्या ओळीनं लावलेल्या आणि प्रत्येक बाटलीत त्यांचं एकेक खानदान. बाहेरच्या केळावर बाहेरची चिलटं बसून येतात. त्यातलं एखादं जोडपं बाटलीत शिरलं, की कोण कुणाचं लेकरू हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. तेव्हा माझं केळं खरंच संशयास्पद होतं. मॅडमच्या संशयाची हीच अडचण होती. बहुतेक वेळा त्याच्यामागे कारण निघायचं, त्यामुळे त्यांना त्याची सवयच लागून गेली होती.

दिसायला त्या अगदी किरकोळ. उंची बेताची, केसांचा घट्ट अंबाडा, चष्मा गळ्यात काळ्या दोरीला बांधलेला, कारण टेबलावर ठेवला तर कुणीतरी उचलतं असा अनुभव. तो अनुभव नेमका कधी आला होता हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाटलीच्या तोंडाला कापसाचा बोळा लावला की त्या काच आणि बोळा दोन्हींवरून शाईची एक बारीक रेघ ओढायच्या. बोळा कुणी काढून परत बसवला तर रेघ जुळणार नाही. कॅंटीनचा चहा आला तर आधी वास घ्यायच्या. परीक्षेत त्यांच्या हॉलमध्ये नंबर लागला की पोरं घरून निघतानाच कॉप्या टाकून यायची. आणि त्यांच्या तोंडी कायम एक वाक्य असायचं, "असेल. पण कशावरून?" बाहेर पाऊस आलाय म्हटलं, तरी हेच. सुट्टी जाहीर झाली म्हटलं, तरी हेच. एकदा मी वैतागून म्हणाले, "मॅडम, माझं लग्न ठरलंय." तर क्षणभर थांबून त्यांनी नेमकं तेच विचारलं.

त्या एकट्या राहायच्या. असं का, हे मी कधी विचारलं नाही. "तुला कशाला पायजे गं?" असं उत्तर आलं असतं आणि पुढचे आठ दिवस मी हे का विचारलं यावर त्यांनी विचार केला असता.

शेषराव मामा मात्र त्यांच्या अगदी उलट. बोरीचे राहणारे, रोज सकाळच्या एसटीनं यायचे. डोक्यावर पांढरी टोपी, कपाळाला अष्टगंध. लॅब उघडणं, झाडणं आणि चिलटांचा स्वयंपाक करणं ही त्यांची कामं. स्वयंपाक म्हणजे खराच स्वयंपाक. रवा, गूळ आणि घट्टपणासाठी एक पावडर घालून ते पातेल्यात शिरा घोटायचे आणि गरम असतानाच बाटल्यांत ओतायचे. वास इतका खमंग सुटायचा की शेजारच्या मराठी विभागातले सर नाक वर करून डोकावायचे. मामांची नजरही लय तयार. आम्ही भिंगाखाली बघून नर-मादी वेगळं करायचो, मामा नुसती बाटली उजेडाला धरून सांगायचे, "शेवट काळा हाय का बघा, त्यो नर." मॅडम त्यांनी सांगितलेलं परत भिंगाखाली तपासून घ्यायच्या. ते चुकलेले मी कधी पाहिले नाहीत, आणि मॅडमचं तपासणंही कधी थांबलेलं पाहिलं नाही.

मॅडमना आपल्या जिल्ह्यातल्या रानातली चिलटं एकमेकांपासून कशी वेगळी आहेत हे बघायचं होतं. त्यासाठी तीन ठिकाणं ठरवली होती. मानवतच्या बाजारात फळांच्या गाड्यांमागची चिलटं, बोरीत मामांच्या परसातली, आणि येलदरीला धरणाच्या अलीकडे पेरूची एक बाग होती, तिथली. पेरूला आमच्याकडे जांब म्हणतात. बाटलीत सडकं केळं घालून ती जांबाच्या फांदीला टांगायची, दोन दिवसांनी जाऊन चिलटांसकट बोळा लावायचा, असा हा उद्योग. येलदरीची फेरी बहुतेक मामांनाच करावी लागायची आणि ते कुरकुर करायचे. "मानूस येलदरीला मासे आनायला जातंय. आन मी चिलटं आनतोय. बसमधी कुनी इचारलं तर काय सांगू?"

एकदा बागवाल्याचा निरोप आला की तुमच्या बाटल्या जप्त केल्यात, येऊन भेटा. मॅडम, मामा आणि मी असे तिघं एसटीनं गेलो. बागेत सात-आठ माणसं जमली होती. बाटल्या एका झाडाखाली, माणसांपासून लांब ठेवलेल्या. बागवाला तोंडाला उपरणं बांधून उभा.

"मॅडम, खरं सांगा. ह्या चिलटात काय सोडलंय तुमी? करोनाचा विषाणू बी आसाच बाटलीतून भाईर आला म्हने. आमचे लेकरं खेळतेत हितं."

खरं म्हणजे आमच्या कामात तोवर विषाणूचं नावही नव्हतं. तो शब्द पहिल्यांदा काढला तो ह्या बागवाल्यानं. मॅडमनी नुसतं "काही नाही हो, साधी चिलटं आहेत" असं म्हटलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं. पण समोरच्या माणसानं संशय घेतला की मॅडमना त्याच्याबद्दल आदर वाटायला लागायचा. त्या मान डोलवून म्हणाल्या, "तुम्ही विचारलं ते बरोबर आहे. चिलटांत विषाणू नसेलच, असं कशावरून म्हणायचं? मी तरी अजून तपासलेलं नाही."

झालं. "बाई कबूल करायल्यात बरं का!" असा मागून आवाज आला आणि घोळका पुढे सरकला.

मामांनी मग कुणालाही न विचारता एक बाटली उचलली, बोळा काढला आणि मनगटापर्यंत हात आत घातला. केळाचा काला हाताला लागला, चिलटं बाहीवर, टोपीवर, नाकावर बसली. मामा तसेच झाडाखाली मांडी घालून बसले. "ह्ये बघा. मी हितंच बसतो. मला काय झालं तर मॅडमला धरा. न्हाई झालं तर आमच्या बाटल्या द्या आन एक कप चहा पाजा."

पाऊण तास ते बसून होते. शेवटी बागवाल्यानंच चहा मागवला आणि उपरणं सोडून स्वतः मामांच्या शेजारी टेकला. परतीच्या बसमध्ये मॅडम मामांना म्हणाल्या, "शेषराव, तुम्ही असं करायला नको होतं. खरंच काही असतं तर?" मामा हसले. त्यांच्या कानावर एक चिलट अजून बसलेलं होतं.

हे सगळं मी एवढं सांगितलं, कारण त्याच हिवाळ्यात पुढचं घडलं.

चिलटं मोजायची तर आधी त्यांना गुंगी द्यावी लागते. इतकी वर्षं आम्ही ईथर वापरायचो. ते मिळेनासं झालं तेव्हा मॅडमनी नवी सोय शोधली. सोडावॉटरमध्ये भरतात तो कार्बन डायऑक्साइड. गावातल्या सोड्याच्या दुकानातून अन्वरभाई भरलेली टाकी पाठवायचे. नळीनं बाटलीत गॅस सोडला की चिलटं लगेच आडवी होतात; गॅस काढला की थोड्या वेळात पाय झाडत उठतात. सकाळची मोजणी मामांच्या मदतीनं व्हायची. गॅस ते सोडायचे, मी मोजायचे. दुपारची मॅडम स्वतः करायच्या.

थंडी पडायला लागली आणि येलदरीची चिलटं उठेनाशी झाली. सकाळी गुंगी दिली की आडवी व्हायची ती तशीच. काही थोडा वेळ पाय हलवायची, उभी राहायला जायची, कलंडायची आणि मरायची. मानवतची उठत होती, बोरीची उठत होती. येलदरीचीच काय ती मरत होती.

मॅडमचा पहिला संशय टाकीवर. अन्वरभाईंना बोलावून घेतलं. त्यांनी कानाला हात लावले. "मॅडम, येच गॅस का सोडा सारा गाव पीता. कोन मरा?" टाकी बदलली, तरी तेच. मग शिऱ्यातल्या गुळावर संशय. गूळ बदलला. मग मी बाटल्या धुते त्या साबणावर. साबण बंद झाला, आठवडाभर मी नुसत्या गरम पाण्यानं बाटल्या घासल्या.

आणि मग मॅडमच्या लक्षात आलं की त्या स्वतः दुपारी गॅस सोडतात तेव्हा येलदरीची चिलटंसुद्धा छान उठतात.

दोन दिवस त्यांनी मोजणीची वही पुन्हा पुन्हा चाळली. तिसऱ्या दिवशी सकाळी मामांना टेबलासमोर उभं केलं.

"शेषराव, चिलटं सकाळीच मरतात. सकाळी गॅस तुम्ही सोडता."

"व्हय मॅडम."

"फक्त येलदरीची मरतात. येलदरीच्या फेऱ्यांचा तुम्हाला कंटाळा आहे. ती चिलटं संपली तर फेऱ्या संपतील."

मामांनी हातातली नळी खाली ठेवली.

"आणि बोरीची एकही मरत नाहीत. तुम्ही बोरीचे."

खोटं कशाला बोलू, ते ऐकताना मलाही पटलं. कुठून बोट घालावं अशी फटच त्या बोलण्यात नव्हती. ज्या माणसानं आमच्यासाठी बागेत चिलटं अंगावर घेतली होती, तोच माणूस माझ्या डोळ्यांसमोर दोन मिनिटांत कामचुकार आणि लबाड दिसायला लागला. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंगात बघत राहिले. भिंगाखाली काहीही ठेवलेलं नव्हतं. आज त्याची लाज वाटते.

"मॅडम," मामा म्हणाले, "एवढी वर्सं झाली. माझ्या चुकीनं एक तरी चिलट मेलं आसंल तर दाखवा. मी मारली न्हाईत."

"असेल," मॅडम म्हणाल्या. "पण कशावरून?"

मामांनी खांद्यावरचं फडकं काढून टेबलावर ठेवलं, त्याची नीट घडी घातली आणि बाहेर गेले. मॅडमनी त्याच दिवशी प्राचार्यांना लेखी तक्रार दिली. प्रयोगात जाणूनबुजून घातपात, असे शब्द होते. प्राचार्यांना कटकट नको होती. त्यांनी मामांची बदली कॉलेजच्या फाटकावर केली. ज्या माणसाची नजर चिलटाचा शेवट काळा की पिवळा हे सांगायची, तो आता येणाऱ्या-जाणाऱ्यांची ओळखपत्रं बघायला बसला. गावात आणि बोरीत बातमी पोचायला एक एसटी पुरली. "मामानं लॅबमधी काय तरी केलं म्हने," एवढंच लोक बोलत होते. काय केलं ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यामुळे ते जास्तच वाईट होतं. मामा निवृत्तीला आले होते, मुलीचं लग्न बघायचं चाललं होतं. सोयरिकीला आलेल्या माणसांनी बाकी काही न विचारता आधी हेच विचारलं, असं मला नंतर कळलं.

मामा गेल्यावर सकाळचा गॅस मॅडम स्वतः सोडू लागल्या. येलदरीची चिलटं मरतच राहिली.

मॅडमनी ठरवलं की शेषरावांकडे दुसरी किल्ली असणार. कुलूप बदललं. चिलटं मेली. मग माझ्यावर नजर आली. माझ्या येण्या-जाण्याच्या वेळा त्या टिपून ठेवायला लागल्या. मी दाराशी आले की घड्याळाकडे बघायच्या. मी रडकुंडीला आले होते. बोळ्यांवरच्या शाईच्या रेघा रोज भिंग लावून तपासल्या जात होत्या आणि रोज त्या जुळत होत्या. एका सकाळी त्या रेघांकडे बघत बघत त्या म्हणाल्या, "शुभांगी, कुणीच शिरलेलं नाही गं इथं."

"मी तेच सांगायलेय, मॅडम."

"मग राहिलं कोण?" त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं. "मी राहिले."

आणि मग त्यांनी असं काही केलं की मी त्यांना त्या दिवसापासून खऱ्या अर्थानं मानायला लागले. त्यांनी स्वतःवर संशय घेतला, आणि तोही पूर्ण. मला म्हणाल्या, सगळ्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या काढ, नुसते आकडे लाव, कोणता आकडा कुठला याची यादी तुझ्या घरी ठेव आणि मी कितीही मागितली तरी देऊ नकोस. "मला येलदरीची कोणती हे माहीत असतं. न कळत मीच त्यांना गॅस जास्त देत असेन. माझं काय सांगता येतं?"

तीन सकाळी त्यांनी आकड्यांच्या बाटल्यांना घड्याळ लावून गॅस दिला. हात गारठलेले, खांद्यावर शाल, आणि समोर कुठली बाटली कुठली याचा पत्ता नाही. कोणत्या आकड्याची चिलटं उठली नाहीत ते लिहीत गेल्या. चौथ्या दिवशी मी यादी आणली. मेलेली सगळीच्या सगळी येलदरीची.

दुपारी परत तेच केलं. एकही मेलं नाही.

मॅडम उठून भिंतीवरच्या तापमापकापाशी गेल्या. तिथंच उभ्या राहून म्हणाल्या, "बर्फ आण." अन्वरभाईंकडून मी बर्फ आणला. भर दुपारी पातेल्यात बर्फ घालून त्यात बाटल्या ठेवल्या आणि गॅस दिला. बोरीची उठली. मानवतची उठली. येलदरीची पडूनच राहिली.

"शेषराव सकाळी यायचे म्हणून नाही मेली," मॅडम म्हणाल्या. "सकाळी थंडी असते म्हणून मेली." आणि स्टुलावर बसून त्यांनी तोंडाला पदर लावला. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघितलं.

पुढचं त्यांनी शोधून काढलं. परदेशात कुणीतरी हे फार पूर्वीच पाहून ठेवलेलं होतं. रानातल्या चिलटांत एक विषाणू असतो. एरवी चिलट खातं, पितं, अंडी घालतं, त्याला काही झालंय असा संशयही येत नाही. पण ह्या गॅसची गुंगी थंडीत दिली की निरोगी चिलट उठतं आणि विषाणू असलेलं उठत नाही. ईथरनं असं काही होत नाही, म्हणून इतकी वर्षं आम्हाला पत्ता लागला नाही. हा विषाणू एकमेकांजवळ बसून लागत नाही. आई-बापाकडून जन्मतःच लेकरांत येतो. म्हणून आमच्या बाटल्यांत जन्मलेली येलदरीची नातवंडंही तशीच मरत होती. मॅडमनी नमुने घेऊन पुण्याची एक संस्था गाठली. कुरिअरवर विश्वास नव्हता, त्यामुळे डबा मांडीवर घेऊन स्वतः गेल्या आणि तपासणी होईपर्यंत तिथल्या यंत्रापासून हलल्या नाहीत. उत्तर आलं, विषाणू आहे. माणसाला त्याचा काही उपद्रव नाही, पण नात्यानं तो रेबीजच्या विषाणूचा लांबचा भाऊबंद. "हे येलदरीत कुणापाशी बोलायचं नाही हं," एवढी ताकीद मला मिळाली.

पण पुण्याला जायच्या आधी, बर्फाच्या त्याच दुपारी, त्या प्राचार्यांकडे गेल्या होत्या. तक्रार मागे घेते म्हणाल्या. प्राचार्य म्हणाले, मागे घेतल्याचा अर्ज द्या, तो जोडून ठेवू. मूळ तक्रार काही फायलीतून निघणार नाही. तिथून त्या तडक फाटकावर गेल्या. मी मागे होते.

"शेषराव, चिलटं सकाळच्या थंडीनं मेली. तुमचा काही दोष नव्हता. चूक माझी झाली. उद्यापासून लॅबमध्ये या."

मामा त्यांना बघून उठून उभे राहिले होते. टोपी नीट करत म्हणाले, "मॅडम, तुमचा संशय गेला, चांगलं झालं. पर माझ्यात त्यो बसला की. आता बाटली हातात धरली की मॅडम मागं हायत का, बघायल्यात का, ह्येच मनात येईल. मी हितंच बरा."

मॅडमनी खूप समजावलं. मामा दोन्ही हात जोडून ऐकत राहिले आणि लॅबमध्ये परत आले नाहीत.

शिरा मग मी घोटायला शिकले. माझा कधी पातळ व्हायचा, कधी करपायचा. मॅडम तो बघून काही बोलायच्या नाहीत, आणि त्यांनी काही न बोलणं हे मला बोलण्यापेक्षा जड जायचं.

येलदरीच्या चिलटांवरचा मॅडमचा लेख छापून आला, तो त्यांच्या निवृत्तीच्या आठवड्यात. निरोप समारंभ त्यांनी आधीच नाकारला होता. "माझ्याबद्दल लोक चांगलं बोलतील आणि मला ते खोटं वाटेल. कशाला उगाच?" शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्यांनी टेबल आवरलं, लेखाची छापील प्रत हातात घेतली आणि मला म्हणाल्या, "चल, फाटकापर्यंत."

मामा स्टुलावर बसले होते. त्यांच्याही निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. मॅडमनी शेवटचं पान उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि मराठीत समजावून सांगितलं. "हे बघा, तुमचं नाव. इंग्रजीत आहे. येलदरीची चिलटं गोळा केल्याबद्दल आणि ती इतकी वर्षं सांभाळल्याबद्दल शेषराव यांचे आभार. हे आता जगभर गेलं."

मामांनी पान हातात घेतलं. उजेडाला धरलं, जसे पूर्वी बाटली धरायचे तसं. बराच वेळ बघून विचारलं, "मॅडम, ह्यात आसं लिवलंय का, की मी मारली न्हाईत म्हनून?"

"नाही, शेषराव. तसं ह्यात लिहीत नाहीत."

"मग ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. आवाजात राग नव्हता. प्रत परत देऊन ते फाटक उघडायला गेले, कारण कॉलेज सुटलं होतं.

मॅडम तिथंच उभ्या राहिल्या. पहिल्यांदा बाहेर पडले ते मराठीचे सर, स्कूटरवर. मॅडम एकदम स्कूटरला आडव्या गेल्या. सरांनी करकचून ब्रेक दाबला. "सर, एक मिनिट. माझी चिलटं मेली होती ना, ती शेषरावांनी मारली नव्हती. मी खोटी तक्रार केली होती. ती आजारी होती." सर गोंधळून हो हो म्हणाले आणि गेले. मग ऑफिसातले क्लार्क आले. त्यांनाही तेच. मग कॅंटीनवाला. मग पोरींचा एक घोळका, ज्यांना चिलटांचा काही पत्ताच नव्हता. त्यांनाही थांबवून पहिल्यापासून सांगितलं. कुणी हसलं, कुणी "बरं मॅडम" म्हणून सटकलं. आयुष्यभर ज्यांनी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, त्या आता प्रत्येकाला हात जोडून सांगत होत्या, माझ्यावर विश्वास ठेवा.

"मॅडम, बास करा आता," मामा कानकोंडे होऊन म्हणाले. "जावा घरी. लोकं बघायलेत."

"बघू द्या. तक्रार मी सगळ्या गावात जाऊ दिली. थांबा, बोरीच्या गाडीची माणसं अजून यायचीत."

बोरीच्या एसटीला जाणारी पाच-सहा मंडळी फाटकातून निघाली. मामांच्या गावची, ओळखीची. मॅडम त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. आवाज बसला होता, चष्मा गळ्यात लोंबत होता. त्यानंतर आठ दिवसांत त्या भावाकडे राहायला निघून गेल्या आणि मला परत दिसल्या नाहीत. माझ्या डोळ्यांपुढे येतात त्या अशाच.

"ऐका," त्या म्हणाल्या. "ह्या शेषरावांनी चिलटं मारली, असं मी लिहून दिलं होतं. ते खोटं होतं. ती चिलटं हिवाळ्यात मेली, कारण..."

"नुसतं हिवाळ्यात न्हाई," मागून मामा बोलले. फाटक सोडून ते पुढे आले होते. "हिवाळ्यात, सकाळच्या पारी. दुपारी येक बी मेलं न्हाई. सांगायलाव तर नीट सांगा, मॅडम."

मॅडमनी मागे वळून त्यांच्याकडे बघितलं. मग बोरीच्या माणसांकडे तोंड केलं आणि परत पहिल्यापासून सांगायला लागल्या, "सकाळच्या वेळी."